चार वाजेपर्यंतची रेघ

पार्लरचं शटर निम्मं खाली आलं होतं तेव्हा फोन आला.
भिवा खवणेकरांचा उजवा हात
सकाळपासून थरथरतोय.
आज हरिश्चंद्राचं आख्यान, स्त्रीपार्टी तेच,
आणि डोळे अजून कोरायचे आहेत.

स्कूटीला पेटी बांधली.
उभादांड्याच्या वाटेवर सुरूच्या बनातून येणारं
मार्गशीर्षातलं खारं वारं, कान कापणारं.

देवळामागच्या पडवीत भिवाकाका
नऊवारी नेसून, पाय फाकून, विडी ओढत बसलेले.
तोंडाला सफेदा, त्यावर पिवडी, गालांवर हिंगूळ.
डोळे तेवढे अजून त्यांचेच होते,
दिवसभर डेपोसमोर पंक्चर काढणाऱ्या माणसाचे.

मी नवऱ्या सजवते.
त्यांची कातडी ब्रशखाली गप्प राहते.
ही साठीची कातडी: ब्रश पुढे जातो, ती मागेच थांबते.
मी कोपर गुडघ्यावर टेकवलं,
सवयीने टेपचा तुकडा काढला, कडेला लावायला.
“टेप कित्याक? डोळो माझो आसा, तू भियतंस कित्याक?”

“केवढी काढू?”
“थयसर खाज्याच्या दुकानाकडे म्हातारी बसलीहा.
तिका दिसाक होयी.”

नवऱ्या म्हणतात, ताई, लाइट ठेवा, नॅचरल.
मी आयुष्यात पहिल्यांदा
डोळ्याच्या कोपऱ्यातून निघाले ती थेट कानशिलापर्यंत,
गंगावनाच्या केसांत शिरेपर्यंत.
आधी खूण, मग शेपूट, मग पोट भरायचं.
उडी घेण्याआधी गडग्यावरचं मांजर
शेपूट उचलतं ना, तेवढी वर.

काकांनी आरसा धरला. धरला म्हणजे,
आरसा त्यांच्या हातात हलत राहिला.
“पाण्यान जाता?”
“नाही जाणार काका. घामाने नाही,
बंदरावरून ढकललं तरी नाही. साडेआठशेचं आहे.”
त्यांनी विडी विझवली.
“मगे पूस.”

मला वाटलं, चेष्टा.
“तारामती चार वाजता रडतली.
रेघ जावक होयी.”

खोबरेल लावून पुसली.
समईवर वाटी उपडी धरली, काजळी धरली,
तेल कालवायला घेतलं तर मनगट पकडलं त्यांनी:
“एक थेंब. दोन घातलंस तर
डोंबाक विकूच्या आधीच सगळा रडान होतला.”

पुन्हा खूण, पुन्हा शेपूट.
बाहेर पखवाज सुरू झालेला, माझी घाई.
डावं टोक तांदळाएवढं खाली उतरलं.
सारखं करायला गेले.
“ऱ्हवांदे. माझो डावो डोळो पयल्यापासून आळशी.”
आणि उठले ते बाईसारखे उठले.
बसलेला माणूस कुठे गेला ते मला कळलं नाही.

मी घरी जायला हवं होतं.
कनातीला टेकून उभी राहिले, हातात पेटी,
दोन वाजता, तीन वाजता,
प्रत्येक प्रवेशाला त्या दोन शेपट्याच बघत,
दूध उतू जाईल म्हणून चुलीपाशी उभं राहावं तशी.

चार वाजून गेले.
पायपेटी थांबली, फक्त झांज, तीही बोटांनी दाबलेली.
तारामतीने रोहिदासाच्या छातीवर हात ठेवला
आणि तो हात थरथरला.
लोकांना वाटलं, काय काम करतो!
मग रेघ सुटली.
आधी डावी.
हिंगुळावरून, पिवडीवरून, हनुवटीपर्यंत
काळी, जाड, न लाजता.
खाज्याच्या दुकानाकडे बघितलं मी.
म्हातारीच्या हातातलं खाजं तोंडाजवळ तसंच.

उजाडताना काकांनी पन्नास रुपये दिले, एक नारळ.
तोंड धुतलेलं, पापण्यांच्या मुळाशी थोडं काळं उरलेलं.
“बरी गेली,” म्हणाले, आणि डेपोकडे निघाले.

शनिवारी शिरोड्याची नवरी खुर्चीत बसली,
आरशातून माझ्याकडे बघत:
ताई, वॉटरप्रूफच ना? पाठवणीला मी खूप रडणार आहे.
हो म्हटलं.
आणि साडेआठशेची बाटली उघडता उघडता
बघत राहिले तिचे कोरडे, तयार डोळे.